इंजिनाचे काम, कच्ची चिठ्ठी आणि पॉलिश मारलेला क्रँक

माझ्याकडे एक दहाचाकी ट्रक आहे आणि तो मी स्वतःच चालवतो. कापसाच्या हंगामात पांढरकवडा, वणी, हिंगणघाट या पट्ट्यातील रुईच्या गाठी आणि सरकी, आणि हंगाम संपला की वणीचा कोळसा, एवढ्यावर घर चालते आणि गाडीचा हप्ता जातो. मागच्या हंगामाच्या तोंडावर मी या गाडीचे इंजिन एका तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्ये पूर्ण खोलून बांधून घेतले. त्या कामात माझी फसवणूक झाली. इतर गाडीमालकांवर ही पाळी येऊ नये म्हणून ती कशी झाली, हे सविस्तर लिहीत आहे. प्रकरण अजून मिटलेले नसल्यामुळे गॅरेजचे नाव देत नाही.

इंजिन ऑइल खाऊ लागले होते, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येत होता आणि भरलेली गाडी चढावर दम टाकत होती. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हाफ इंजिन करून काही फायदा नाही जी. फुल काम करा, चार-पाच वर्षे पाना लावायची गरज पडणार नाही." सहाही सिलिंडरचे नवे लायनर-पिस्टन किट (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, तो यंत्रावर घासून पुन्हा गोल करणे), मेन आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, हेडचे फेसिंग, पंप आणि नोझलचे काम, असे सर्व मिळून १,९०,००० रुपये ठरले. त्यातले १,२०,००० मी आधीच रोख दिले. त्याबदल्यात मला वहीच्या एका कागदावर 'इंजिन फुल काम' एवढेच लिहून मिळाले. कोणत्या कंपनीचे किट, क्रँक किती साइज खाली घेणार, गॅरंटी किती, यातले काहीही त्या कागदावर नव्हते.

काम चालू असताना मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी इंजिन बांधून झाले होते. क्रँकबद्दल विचारले तेव्हा तो नागपूरला पाठवून ग्राइंड करून आणल्याचे सांगण्यात आले, आणि जुने पिस्टन-लायनर मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. ग्राइंडिंगवाल्याची पावती मी मागायला हवी होती. ती मागितली नाही, याची खंत मला आजही आहे.

गाडी ताब्यात दिली ती सकाळी, इंजिन थंड असताना. ऑइल प्रेशरची सुई भरपूर वर होती, आवाजही स्वच्छ होता. माझ्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० ऑइल लागते, पण त्यात त्याहून जाड ऑइल भरलेले होते, हे मला फार उशिरा कळले. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातील फट वाढली की ऑइल त्या फटीतून निसटते आणि प्रेशर टिकत नाही, परंतु ऑइल जाड आणि थंड असेल तर ते हळू निसटते आणि सुई वर राहते. म्हणून प्रेशर पाहायचे ते भरलेली गाडी तासभर चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर, स्लो चालीवर. थंड इंजिनावर दाखवलेली सुई म्हणजे काहीच दाखवले नाही, असे समजावे.

जेमतेम ३,४०० किलोमीटर झाले होते. पांढरकवड्याहून १०० गाठी भरून हिंगणघाटकडे येत असताना वडकी ओलांडल्यावर इंजिनात खालून ठोका येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन स्लो केली तर सुई जवळजवळ शून्यावर होती. डिपस्टिक काढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखे झालेले. मी इंजिन तिथेच बंद केले, आणि तेवढ्यामुळेच क्रँक वाचला. रात्री दुसरी गाडी बोलावून गाठी त्यात भराव्या लागल्या आणि ट्रक ओढून हिंगणघाटला न्यावा लागला.

तिथल्या मिस्त्रीने इंजिन माझ्यासमोर खोलले आणि प्रत्येक गोष्ट मोजून दाखवली. क्रँक ग्राइंड केलेलाच नव्हता. एमरी पेपरने घासून चकाकी आणली होती आणि त्यावर स्टँडर्ड साइजचे बेअरिंग बसवले होते. क्रँक ग्राइंड केला की ०.२५, ०.५० अशा मिलिमीटरच्या टप्प्याने खाली येतो आणि बेअरिंगही त्याच अंडरसाइजचे (तेवढ्या कमी मापाच्या क्रँकसाठीचे) लागते. तो आकडा बेअरिंगच्या पाठीवर छापलेला असतो, त्यामुळे ही लबाडी ओळखायला मिस्त्री असावे लागत नाही. मायक्रोमीटर लावल्यावर तिसऱ्या रॉडचे जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, लंबगोल झालेले निघाले. पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरमधले पिस्टन जुनेच होते, कार्बन खरवडून परत घातलेले. लायनरभोवतीचे पाणी अडवणाऱ्या खालच्या रबर रिंगा दोन ठिकाणी बसवतानाच कापल्या गेल्या होत्या, आणि पाणी तिथून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होते. एक लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा खाली बसला होता. वास्तविक वेट लायनरची (ज्याच्या बाहेरून पाणी फिरते अशा लायनरची) कॉलर, म्हणजे वरची कड, ब्लॉकच्या वर मिलिमीटरच्या काही शतांशाइतकी उचललेली असावी लागते, तरच हेड गॅसकेट तिथे घट्ट दाबले जाते. या शेवटच्या चुकीला मी लबाडी म्हणणार नाही, तो निष्काळजीपणा आहे, पण नुकसान दोन्हींनी सारखेच होते.

पाण्याची गळती तर फुकटात सापडली असती. लायनर बसवल्यावर, ऑइल चेंबर लावण्याआधी, ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी खालून थेंब दिसतो का ते पाहायचे. हिंगणघाटच्या मिस्त्रीने तसेच केले आणि मला सकाळी बोलावून दाखवले. दुसऱ्यांदा झालेला खर्च १,४६,००० रुपये होता, आणि ऐन हंगामातले २६ दिवस गाडी उभी राहिली.

मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा तिथे सांगण्यात आले की गाडी ओव्हरलोड चालवल्यामुळे इंजिन गेले. रुईची गाठ साधारण १७० किलोची असते, म्हणजे १०० गाठींचे वजन १७ टनांच्या आसपास होते आणि ते माझ्या गाडीच्या पासिंगच्या (मंजूर वजनाच्या) आत होते. काट्याची पावती मी जपून ठेवली होती, ती समोर ठेवल्यावर तो विषय संपला. त्यानंतर उत्तर आले की क्रँक नागपूरवाल्यानेच तसा पाठवला. तो नागपूरवाला कोण, हे मात्र आजपर्यंत सांगण्यात आलेले नाही. गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केल्यावर ३५,००० रुपये परत मिळाले.

उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरवले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही. पण वकिलांनी सुरुवातीलाच दोन अडचणी सांगितल्या. ट्रक धंद्याचा असल्यामुळे मी ग्राहक ठरतो की नाही यावरच समोरचा पक्ष हरकत घेईल. गाडी मी स्वतः चालवतो आणि पोट त्यावरच आहे हे दाखवून द्यावे लागेल, आणि तरीही निकाल माझ्याच बाजूने लागेल याची खात्री नाही. दुसरी अडचण पक्क्या बिलाची. १,९०,००० रुपये दिल्याचा माझ्याकडे पुरावा म्हणजे वहीचा तो कागद आणि शेवटचे ७०,००० खात्यातून पाठवल्याची नोंद, एवढाच आहे. आधीचे १,२०,०००ही खात्यातूनच दिले असते तर आज निम्मे काम झाले असते.

हिंगणघाटच्या मिस्त्रीकडून मी इंजिन उघडतानाचे फोटो, प्रत्येक जर्नलचे माप आणि तारीख त्याच्या सहीनिशी लिहून घेतली आहे. स्टँडर्ड छाप असलेले बेअरिंगचे अर्धगोल, कापलेल्या रबर रिंगा आणि ते दोन जुने पिस्टन मी पोत्यात बांधून घरी ठेवले आहेत. भंगारवाल्याने दोनदा विचारले, पण आयोगाचा निकाल लागेपर्यंत ते पोते घरातून हलणार नाही.