घरचे चौघे चालवतात तो साल्सा-बचाटा क्लब

एकट्यानं जाऊन सोशल डान्स (साल्सा, बचाटासारखे जोडीनं करायचे लॅटिन अमेरिकी नाच) शिकायचा असेल, तर मी डोळे झाकून याच क्लबाचं नाव सुचवते. आई, वडील, मुलगी आणि धाकटा मुलगा मिळून तो चालवतात. वडील (आमचे काका) आणि मुलगी (ताई) शिकवतात, मुलगा गाणी लावतो आणि आई (काकू) दारात बसते.

दारातलं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नवीन आलेलं माणूस पहिली दोन-तीन गाणी भिंतीला टेकून उभं राहिलं, की बहुतेक वेळा पुन्हा फिरकत नाही. काकू नाव विचारतात, पुढच्या वेळी त्याच नावानं हाक मारतात, आणि जुन्यांपैकी कुणाला तरी बोलावून सांगतात, "यांच्याबरोबर एक गाणं कर रे." ज्याला बोलावतात तो भराभर फिरक्या देणाऱ्यांतला कधीच नसतो. साधी बेसिक, म्हणजे मूळ पावलं, शांतपणे करणाराच त्या निवडतात.

आधी तासभर वर्ग, मग सोशल, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोकळं नाचणं. वर्गात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो. ज्यांना बदलायचा नसेल ते कडेला उभे राहतात, कुणी टोकत नाही. लीड (जोडीत नाच पुढे नेणं) शिकायचं की फॉलो (त्याला साथ देणं), हेही ज्याचं त्यानं ठरवायचं, बाई-पुरुष असा हिशेब नाही. साल्साच्या आठ मात्रांत एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सातला पाऊल पडतं, चार आणि आठ मोकळ्या. नवशिके नेमक्या त्या मोकळ्या मात्रा खातात आणि गाण्याच्या पुढे पळतात. काका त्यावर लांबलचक समजावत बसत नाहीत. "चारला थांब, श्वास घे," एवढंच म्हणतात आणि शेजारी उभं राहून स्वतः मोजतात. ताईचा सगळा भर पकडीवर. बोटं किंचित वाकवलेली आणि अंगठा मोकळा. अंगठ्यानं हात दाबून धरला तर फिरकीत समोरच्याचं मनगट पिरगळतं. ती प्रत्येकाचा हात स्वतःच्या हातात घेऊन हे तपासते.

रुएदा मात्र चुकवू नका. हा प्रकार क्युबातला, हवानात 1950 च्या दशकात रुजलेला. सगळ्या जोड्या गोलात, एक जण मूव्हचं नाव पुकारतो आणि सगळे एकदम तीच मूव्ह करतात. काकांनी "दामे" म्हटलं की जो तो पुढच्या जोडीदाराकडे सरकतो. नवे-जुने इतक्या झटकन मिसळलेले मी दुसरीकडे कुठेच पाहिले नाहीत.

आता घरच्या कारभाराबद्दल. कुटुंबानं चालवलेल्या ठिकाणी मी आधी एकच गोष्ट बघते: घरच्याच माणसाबद्दल तक्रार असेल तर ती कुणाकडे न्यायची? पूर्वी मी जिथे जायचे, तिथे शिक्षकांचा भाचा बायकांना नको तितकं जवळ ओढायचा. तक्रार मामांकडेच जायची आणि तिथेच विरायची. इथे तक्रारी ऐकणारे दोन सभासद घराबाहेरचे आहेत आणि त्यांचे नंबर दारावर लावलेले आहेत. जमाखर्चही सगळ्यांना दाखवतात. न विचारता डिप द्यायचा (जोडीदाराला मागे झुकवायचं) नाही, सोशल चालू असताना समोरच्याला शिकवायला जायचं नाही, हे नियम घरच्यांनाही लागू. एकदा काकाच भर गाण्यात एकीला पाऊल सुधारून दाखवायला लागले, तर काकूंनी तिथल्या तिथे त्यांना थांबवलं. काकांनीही लगेच त्या मुलीची माफी मागितली. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला.

उणीव आहे ती मनुष्यबळाची. ताई बाहेरगावी गेली की दुसऱ्या पातळीचा वर्ग रद्दच होतो, कारण तिच्या जागी शिकवणारं कुणी तयार केलेलं नाही. तारीख बदलायचं चौघांत आपसांत ठरतं आणि बाकीच्यांना अगदी आयत्या वेळी कळतं. रात्री खुर्च्या लावायला, फरशी पुसायलाही तेच चौघे. मदतीची यादी लावा म्हणून मी मागे लागले आहे, कारण हे चौघे थकले तर क्लबच बंद पडेल आणि ते मला नको आहे.

पहिल्यांदा जाताना घट्ट रबरी तळव्याचे बूट टाळा. फिरकीत पाय जमिनीला चिकटतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चामडी किंवा स्वेडचा तळवा उत्तम. वर्ग सुरू व्हायच्या थोडं आधी पोहोचा, म्हणजे काकूंना बोलायला सवड असते.