लॅटेक आठ महिने वापरलं, प्रबंध मराठी-कानडी दोन्हीत

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागातल्या बायकांच्या ओव्यांत कानडी शब्द कसे येतात हा माझा पीएचडीचा विषय, म्हणजे पानापानावर दोन लिप्या. आधीच्या फाइलीत एक तळटीप हलवली की खालची कानडी ओळ भलत्याच फाँटात जायची. शेवटी टिळकवाडीतल्या मावसभावानं लॅपटॉपवर लॅटेक घालून दिलं, म्हणजे मजकुरात खुणा लिहायच्या आणि छपाईची पानं ते मांडून देतं.

नावापासूनच घोळ. शेवटचं अक्षर ग्रीक 'खाय', म्हणून टेक म्हणायचं, टेक्स नव्हे. घरी सांगितलं तर आई म्हणाली, लॅटेक्स? रबराचं काय करायलीस गं तू? लॅटेक ज्यावर उभं आहे ते मूळ टेक संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ च्या सुमारास केलं, स्वतःच्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून. त्याचा व्हर्जन नंबर दर वेळी गणितातल्या पायच्या (π) जवळ सरकतो, आता ३.१४१५९२६५३ आहे. हे वाचलं आणि म्हटलं, अशा माणसाच्या नादी लागायला हरकत नाही.

टेक लाइव्ह म्हणजे लॅटेकचा सगळा संच, पूर्ण घेतला तर काही जीबीचा आहे, पावसाळ्यात घेऊ नका, आमच्याकडं लाइट गेली की वायफायही जातं, दोनदा अर्ध्यावर तुटलं.

लिहिलेल्या फाइलीची पीडीएफ करणारे प्रोग्राम वेगवेगळे आहेत, मराठीसाठी साधं पीडीएफलॅटेक नको, झीलॅटेकच घ्या. पहिलं पान काढलं तर 'स्थिती'ची पहिली वेलांटी अक्षराच्या मागं पडलेली, जोडाक्षरं सुटी, कानडीतले ओत्तक्षरही (खाली जोडायची अक्षरं) तसेच. दोन दिवस मी कीबोर्डला शिव्या दिल्या. फाँट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी असं लिहायचं राहिलं होतं, एवढंच! कानडीच्या फाँटला तसंच कन्नड लिहायचं. भाषा मराठी असंही सांगितलं तर, फाँटात सोय असेल तर, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मी मराठीला आयआयटी मुंबईचा शोभिका आणि कानडीला नोटो सेरिफ कन्नड लावलाय, दोन्ही फुकट.

आता खरी फजिती. मी लिहिलं होतं 'यातले १२% शब्द नात्यांचे, बाकीचे शेतीचे' आणि त्याच परिच्छेदात पुढं आठ-दहा वाक्यं. माझ्या मार्गदर्शक मॅडमना पीडीएफ दिली, त्यांचा फोन, "अगं, बारावर वाक्य सोडून कुठं गेलीस?" लॅटेकमध्ये % नंतरचं ओळ संपेपर्यंतचं सगळं शेरा समजून वगळलं जातं, आणि माझा परिच्छेद म्हणजे एकच लांब ओळ. एरर नाही, काही नाही, अख्खा परिच्छेद गिळला! % च्या आधी उलटी तिरकी रेघ (\) दिली की झालं. एररवाली चूक परवडली, निदान ओरडते तरी.

संदर्भसूचीवर मात्र मी खूष आहे. पुस्तकाची माहिती एकदाच भरायची, मग पानातल्या उल्लेखावरून यादी आपोआप लागते. सुरुवातीला यादीच येईना, कारण झीलॅटेक, मग बायबर (संदर्भ जुळवणारा प्रोग्राम), मग परत दोनदा झीलॅटेक असं चालवावं लागतं. लॅटेकएमके हा मदतनीस प्रोग्राम वापरला की तो हे सगळं स्वतःच करतो.

मोठी अडचण माणसांची. मॅडमना वर्डची फाइलच हवी, लाल शाईचे शेरे तिथंच करणार. पॅनडॉक ह्या फाइलीचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामनं वर्डमध्ये देते, त्यात तक्ते विस्कटतात, मग शेरे बघून हातानं मूळ फाइलीत उतरवते. तुमच्या सबमिशनला महिना उरलाय आणि एकच लिपी आहे, तर ह्या फंदात पडू नका बाई.

परवा शहापुरात प्रिंट काढायला गेले. एरवी पेन ड्राइव्ह लावला की अक्षरांच्या जागी चौकटीच चौकटी, यावेळी फाँट पीडीएफच्या आतच होते, कानडी ओळीसकट जशास तसं उमटलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "अक्का, ह्यो फाँट मला पण द्या की." नाव लिहून दिलं.