चिलीचं पोडोकार्पस म्हणून भलतंच रोप गळ्यात मारलं

इंग्लंडात बागेचा नाद असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय, विशेषतः डेव्हन-कॉर्नवॉलकडे राहणाऱ्यांसाठी. कारण या झाडाची हौस इथेच जास्त आहे आणि त्याच्या नावावर चुना लावणारेही इथलीच गिऱ्हाईकं शोधतात.

झाडाचं नाव पोडोकार्पस सॅलिग्नस. मूळ चिलीतलं. वर्ग सूचिपर्णी, पण पानं सुईसारखी अजिबात नाहीत. पाच ते बारा सेंटिमीटर लांब, चपटी, अरुंद, चकचकीत आणि किंचित वळलेली पानं असतात, आणि फांद्या त्यांच्या भाराने खाली झुकतात. लांबून परसातलं बांबूचं बेटच वाटतं. कोकणात वाढलेल्या माणसाचा जीव अशा झाडावर जडला तर नवल नाही. आरएचएस (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, इथली बागकामाची मोठी संस्था) झाडं किती थंडी सोसतात याची वर्गवारी करते, तीत ते एच४ मध्ये येतं, म्हणजे उणे ५ ते उणे १० अंशांपर्यंतची थंडी सोसतं. आम्लधर्मी, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी माती आणि बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा, एवढं मिळालं की बाराही महिने हिरवंगार. अडचण एकच, वाढ सावकाश. त्यामुळे पुरुषभर उंचीचं रोप सहज मिळत नाही आणि मिळालं तर महाग. ठगाला हीच फट पुरते.

ऑनलाइन बाजारात मला एक विक्रेता सापडला. फोटो अप्रतिम. जोडीची किंमत २२० पाउंड, ‘एक नर, एक मादी, खात्रीने’. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हे खरंच आहे, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. मग त्याचा निरोप आला की साइट कमिशन कापते, तुम्ही थेट बँकेत भरा, मी वीस पाउंड कमी करतो. बोलणं इतकं गोड की चहाला बोलवावंसं वाटावं.

खोकं आलं. रोपं टवटवीत होती, पण ताठ उभी. पान हातात घेतलं तर सरळ, जाडसर, मधली शीर ठसठशीत, आणि पट्टी लावली तर रुंदी जवळजवळ एक सेंटिमीटर. सॅलिग्नसचं पान साधारण अर्धा सेंटिमीटर, फार तर थोडं जास्त. आमच्या गल्लीतले एक निवृत्त माळीबुवा कुंपणावरून बघूनच म्हणाले, हे तर मॅक्रोफायलस! म्हणजे जपान-चीनकडचं पोडोकार्पस, बोन्सायसाठी कुंड्यांतून विकतात ते. झाड वाईट नाही, पण मी मागवलेलं नव्हे आणि एवढ्या पैशांचं तर मुळीच नव्हे.

खरी हातचलाखी यापुढे सुरू झाली. मी तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने नाही म्हटलंच नाही. आधी म्हणाला, प्रवासाने रोप दमलंय. मग म्हणाला, लहानपणी पानं अशीच रुंद असतात, वसंतात नवी पालवी बघा. पालवी आली, तीही तशीच. मग म्हणाला, एक उन्हाळा जाऊ द्या. कपडा किंवा फोन चुकीचा आला तर तो दुसऱ्या दिवशी कळतो. झाडाच्या बाबतीत ‘थांबा, वाढू द्या’ हे वाक्य कुणालाही पटतं, आणि तेवढ्यात मुदती उलटतात. ऑनलाइन खरेदी रद्द करायला माल मिळाल्यापासून १४ दिवस असतात. वर्णनाशी न जुळणारा माल परत करून पूर्ण पैसे मागायला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ३० दिवस असतात. त्यानंतर हक्क संपत नाही, पण भांडण लांबतं. शिवाय समोरचा सापडायला हवा. याने दिलेल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र तसंच परत आलं.

बँकेनेही हात वर केले. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी भरून द्यायचे असा नियम आहे, पण त्यात दिवाणी वाद बसत नाहीत. ‘माल मिळाला आहे, तो कोणता यावर तुमचा वाद आहे,’ हे त्यांचं उत्तर. ठगाने काहीच न पाठवण्याऐवजी स्वस्तातलं रोप का पाठवलं, याचा उलगडा मला तेव्हा झाला. क्रेडिट कार्डाने भरलं असतं तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ लागू होऊ शकलं असतं, म्हणजे विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार. वस्तू १०० पाउंडांच्या वर असेल तर नुसती इसारापुरती रक्कम कार्डावरून दिली तरी चालते. वीस पाउंडांची सूट कशासाठी होती, ते यावरून ओळखा.

आता असं रोप कुणी मागवणार असेल तर खोक्यावरचा प्लांट पासपोर्ट, म्हणजे रोपाची ओळख सांगणारं अधिकृत लेबल, बघा. पोस्टाने येणाऱ्या रोपाला तो लागतोच. त्यावर इंग्रजी ए या अक्षरापुढे शास्त्रीय नाव असतं, मग बी या अक्षरापुढे नोंदणी क्रमांक. माझ्या खोक्यावर तो नव्हताच. नर-मादीची खात्री कुणी देत असेल तर विचारा, छाट कलम कोणत्या मातृवृक्षाची? बियांपासूनचं रोप असेल तर नर की मादी हे फुलोऱ्यावर येईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. विकत घेण्याआधी पानाचा पट्टीसकट फोटो मागवा. खरा नर्सरीवाला तो पाच मिनिटांत पाठवतो.

सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवली आहे. ते ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे विक्रेत्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, पुढे देतात. दरम्यान तेच फोटो दुसऱ्या नावाच्या खात्यावर परत झळकलेत. जोडी आता २६० पाउंडांना आहे, आणि थेट बँकेत भरणाऱ्याला सूट तीस पाउंडांची.