होंडा सिटी झेडएक्सचे मागचे चार स्पार्क प्लग: नऊ महिने आणि बारा हजार किलोमीटरनंतर

२००३ ते २००८ या काळातली ‘डॉल्फिन’ सिटी किंवा तिचीच पुढची झेडएक्स असेल आणि इंजिनवर ‘आय-डीएसआय’ लिहिलेलं असेल, तर त्या गाडीला प्लग चार नाहीत, आठ आहेत. चार पुढे, बॉनेट उघडला की हाताशी. चार मागे, काचेच्या मुळाशी, वायपरखालचं प्लास्टिक आणि त्याखालचा पत्रा यांच्या पोटात. सेकंडहँड बाजारात फिरणाऱ्या पुष्कळ गाड्यांमध्ये पुढचे प्लग नवे असतात आणि मागचे गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचे. बिलावर ‘स्पार्क प्लग बदलले’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. (जुन्या डीटीएस-आय पल्सरवाल्यांना हा प्रकार नवा नाही: दोनपैकी सोपा प्लग बदलायचा, दुसरा देवावर सोडायचा.) त्याच काळातल्या व्हीटेक इंजिनच्या सिटीला यातलं काही लागू नाही, तिथे सिलिंडरला एकच प्लग.

हा अनुभव पेट्रोलवर चालणाऱ्या मॅन्युअल झेडएक्सचा आहे. ओडोमीटर १ लाख ३० हजारांच्या पुढे. नऊ महिन्यांपूर्वी मागे एनजीके कंपनीचे इरिडियम टोकाचे प्लग लावले, बीकेआर६ईआयएक्स-११. पुढे साधे निकेलचे बीकेआर६ई-११. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, रोजचा शहरातला ट्रॅफिक आणि महिन्यातून एकदोनदा घाट.

पुढे साधे आणि मागे महाग, हे उलटं वाटेल. पण हिशेब सरळ आहे. पुढचे चार बदलायला अर्धा तास लागतो, मागच्या चारांना अर्धा दिवस. साधा निकेल प्लग ३०-४० हजार किलोमीटरला बदलावा, इरिडियम त्याच्या दीडदुप्पट टिकतो. म्हणजे इथे पैसे पिकअपसाठी मोजायचे नाहीत, काउल, म्हणजे वायपरखालचं ते आवरण, पुन्हा उघडावं लागू नये म्हणून मोजायचे. एनजीकेचा नंबर वाचता येत असेल तर असं मिश्रण चालतं हेही कळतं: बी म्हणजे १४ मिमी आटे, के म्हणजे १६ मिमीचा षट्कोन, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा), ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि शेवटचा ११ म्हणजे १.१ मिमी गॅप, ठिणगी पडते ती फट. दोन्ही प्लगांत हे सगळं सारखंच, फरक फक्त मधल्या टोकाच्या धातूचा. डेन्सो कंपनीचा के२०पीआर-यू११ सुद्धा याच जागी बसतो. एनजीकेचा ६ म्हणजे साधारण डेन्सोचा २०. इरिडियमचं नाव ऐकून एक लाख किलोमीटर गृहीत मात्र धरू नका. आयएक्स मालिकेत फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं, वरून वळलेली पट्टी निकेलचीच. ती झिजतेच.

मागचे प्लग खराब झाले तरी लवकर का कळत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आय-डीएसआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी). दोघांच्या ठिणग्यांमधलं अंतर आरपीएम आणि लोडप्रमाणे बदलत राहतं. एक प्लग मेला तरी दुसरा मिश्रण पेटवतोच. त्यामुळे चार प्लगांच्या गाडीसारखं ठळक मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) येत नाही. गाडी चालते, फक्त दुसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पॅडल दाबलं की आचके देते, एसी लावून सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग हलकंसं थरथरतं. चेक इंजिनचा दिवा लागेलच असंही नाही. सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक, सिटीत तर हीच थरथर स्टार्ट क्लचची समजली जाते. तो दोषही खरा आहे, पण गिअरबॉक्सचा खर्च काढण्याआधी मागचे प्लग नि कॉइल बघून घ्यावेत.

तपासण्याची नेहमीची पद्धत इथे फसवते. आयडलवर एकेका कॉइलचा कपलर (तारेचा जोड) काढून आरपीएम पडतो का हे बघतात. इथे मागची कॉइल काढा, फरक जाणवणार नाही, कारण पुढची काम करतेय. आणि मागे हात पोचतोय कुठे? म्हणून उलटी परीक्षा घ्यायची. पुढच्या एकाच कॉइलचा कपलर काढायचा. त्या सिलिंडरचा मागचा प्लग शाबूत असेल तर इंजिन थोडं सुस्तावतं, पण गोल चालतं. मागचा मेलेला असेल तर गाडी लगेच तीन सिलिंडरवर आल्यासारखी हादरते. मग पाच-दहा सेकंदांत कपलर परत लावायचा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. चारही सिलिंडरना हेच. एक पानासुद्धा न लावता मागच्या रांगेचा अंदाज येतो. मात्र या परीक्षेत पास झालेला प्लग घाटात नापास होऊ शकतो. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि वाढलेली गॅप तिथे उघडी पडते.

या गाडीत नेमकं तेच होतं. तीन मागचे प्लग आयडलवर ठीक, एक अर्धवट. काढल्यावर चौघांच्याही मधल्या टोकाच्या कडा गोल झालेल्या, फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) १.५ मिमीला सैल जात होतं. अशा प्लगवर कॉइल रोज जास्त व्होल्टेज उभं करते आणि शेवटी तिचं इन्सुलेशन फुटतं. लोक कॉइल बदलतात, प्लग तोच ठेवतात, वर्षभराने पुन्हा कॉइल जाते. पुढची आणि मागची कॉइल एकसारखी नाही, पार्ट नंबरही वेगळे, तेव्हा मागवताना कुठली हवी हे स्पष्ट सांगा.

आता उघडण्याबद्दल. काही मेकॅनिक लवचीक जोड लावून, काउल न काढता, अंदाजाने मागचे प्लग काढतात. जमतं. पण प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, काय साचलंय हे न बघता प्लग सैल केला तर वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि नवा प्लग तिरका चढला तरी कळत नाही. काउल काढणंच बरं.

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोबत येतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. वायपरच्या दांड्या काचेवर कुठे थांबतात तिथे मास्किंग टेपची खूण करायची, नाहीतर परत लावताना वायपर बॉनेटला आपटतो. नट निघतो, दांडी निघत नाही. इतक्या वर्षांत ती दात्यांवर जाम बसलेली असते. गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा आणि दांडी डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. हातोडी मारली तर खालचं लिंकेज वाकतं. मग रबरी सील आणि प्लास्टिकचं काउल. क्लिपा उन्हाने काचेसारख्या कडक झालेल्या असतात, चार-पाच तुटतात हे धरूनच आधी विकत आणून ठेवा. त्याखाली वायपरची मोटर, लिंकेज आणि पत्रा, बोल्ट १० मिमीचे. पत्रा बाहेर आला की मागच्या चार कॉइल समोर दिसतात आणि आतापर्यंतच्या मेहनतीचं चीज होतं.

पत्र्याच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी नेमकं याच कॉइलांवर पडतं. काउलच्या कोपऱ्यातली निचऱ्याची भोकं गुलमोहराच्या बारीक पानांनी बुजतात, पाणी तुंबतं आणि वाट काढत प्लगच्या विहिरीत उतरतं. या गाडीत दोन विहिरींत तांबूस चिखल होता. एका प्लगच्या षट्कोनाच्या कडा गंजाने इतक्या खाल्ल्या होत्या की सॉकेट बसवताना त्यावर हलकेच ठोकावं लागलं.

कॉइलच्या कपलरची जीभ दाबायची, ओढायची नाही. प्लास्टिक ठिसूळ आहे, जीभ मोडली की गाडी खड्ड्यात आदळल्यावर कपलर सुटतो. १० मिमीचा बोल्ट काढून कॉइल थोडी फिरवत वर घ्या आणि टेपने नंबर घाला. मग हवा. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलच्या पंपाला बारीक नळी जोडून प्रत्येक विहीर साफ करा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण तो चिखल सरळ तोंडावर येतो.

सॉकेट १६ मिमीचं, लांब, आत रबर किंवा चुंबक असलेलं. ३/८ इंची रॅचेट, ७५ आणि १५० मिमीची दोन एक्स्टेन्शन्स, एक युनिव्हर्सल जोड. अर्धा इंची रॅचेट इथे वळत नाही. जोडाला दोन वेढे टेप गुंडाळा, म्हणजे तो लुळा पडत नाही आणि वर ओढताना एक्स्टेन्शन सुटून विहिरीत अडकत नाही. ही टेप विसरलात तर चिमटा आणि चुंबकाची काठी घेऊन अर्धा तास गेला समजा.

प्लग पाव फेरा सुटला आणि मग किरकिर करत जड होत गेला, तर जोर थांबवा. पुन्हा आत, थोडा बाहेर, पुन्हा आत. आट्यांच्या मुळाशी स्प्रे मुरू द्या, गरज पडली तर रात्रभर. गंजलेला प्लग षट्कोनाच्या खाली मोडला की काम घरचं राहत नाही. आटे गेले तर १४ × १.२५ मिमीचा इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) बसवावा लागतो आणि या कोनात ते हेड न उतरवता करणारे कारागीर थोडेच.

नवा प्लग बसवायला रॅचेट नको, रबरी पाइप घ्या. १० मिमी आतल्या व्यासाचा, हातभर लांब पेट्रोल पाइप प्लगच्या चिनी मातीवर घट्ट बसतो. प्लग त्याला लटकवून विहिरीत सोडा, आधी उलटा फिरवा, आट्याची सुरुवात ‘टक्’ करून बसल्याचं बोटांना जाणवतं, मग सुलटा. तिरका लागला तर पाइप प्लगवर सरकतो, जबरदस्ती होतच नाही. हे दहा रुपयांचं अवजार शंभर टक्के शिफारशीचं. शेवटचा ताण १८ न्यूटन-मीटर. पण युनिव्हर्सल जोड वाकलेला असताना टॉर्क रेंचचा आकडा भरवशाचा नसतो. तिथे कोनाचा हिशेब बरा: वॉशर टेकेपर्यंत हाताने, मग नव्या प्लगला अर्धा फेरा. वॉशर आधीच दबलेला जुना प्लग परत लावत असाल तर फक्त बारावा हिस्सा फेरा. आट्यांना ग्रीस लावायचा मोह टाळा. एनजीकेच्या कवचावर मुलामा असतो, वरून वंगण लागलं की त्याच ताणाला प्लग जास्त आवळला जातो. डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावायचं ते कॉइलच्या रबरी तोंडाच्या आतल्या कडेला, अगदी पातळ.

इरिडियमची गॅप चिमट्याने जुळवायची नाही. टोक केसासारखं, एक चुकीचा दाब आणि ते तुटतं. गॅप बघायची तर तारेच्या गेजने, टोकाला न खरवडता. खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीतून खाली पडलेला प्लग बाजूला ठेवा, लावू नका.

नऊ महिन्यांत काय बदललं? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधले आचके गेले, पहिल्याच दिवशी, आणि परत आले नाहीत. एसी लावून आयडल स्थिर. थंडीत सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. टाकी ते टाकी मोजलं तर मायलेजमध्ये फरक लिटरमागे किलोमीटरच्या आतला, आणि तेवढा फरक टायरच्या हवेनेही पडतो, म्हणून त्याचं श्रेय प्लगला देत नाही. वरच्या आरपीएमला ताकद वाढली? नाही. हे ७७ बीएचपीचं, कमी आरपीएमला ओढणारं इंजिन आहे, प्लगने ते व्हीटेक होत नाही. श्रेय इरिडियमचं किती आणि नुसत्या नव्या प्लगचं किती, असं विचाराल तर आचके जाण्याचं सगळं श्रेय नवेपणाचं. साधे निकेलचे लावले असते तरी गेलेच असते.

दिवाळीच्या सुमारास काउल परत उघडून मागचे चारही बघितले. चिनी माती फिकट तपकिरी, गॅप १.१ वरच. विहिरी कोरड्या, कारण पावसाळ्याआधी निचऱ्याची भोकं साफ केली होती आणि पत्र्याच्या सांध्याला नवी सीलिंग पट्टी लावली होती. पुढचे निकेलचे चारही ठीक, पण फीलर गेजला हलकासा फरक जाणवायला लागला होता.

गाडी सीएनजीवर असेल तर ११ वाला नंबर घेऊ नका. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, १.१ मिमीची गॅप जुन्या कॉइलना झेपत नाही. बीकेआर६ईआयएक्स, मागे आकडा नसलेला, ०.८ मिमी गॅपचा येतो. आठही तेच लावा, आणि मागच्या रांगेची ती कपलरची परीक्षा दर सर्व्हिसला घ्या, गॅसवर आणि पेट्रोलवर वेगवेगळी.