एकाच केस पेपरवर दोन सह्या : हृदय-मूत्रपिंड संयुक्त ओपीडीचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या हृदय-मूत्रपिंड संयुक्त ओपीडीत नेत आहोत. पुढे एक तक्रारही मांडायची असल्यामुळे रुग्णालयाचे नाव लिहिण्याचे टाळतो. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे बारीक लक्ष कुठे गेले असेल हे वाचणाऱ्याच्या पुढे ध्यानात येईलच.

अण्णांचे वय ७१, हृदयाचे पंपिंग ३० टक्के आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी पडले की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) १.९. साताऱ्यात त्यांचे हृदयाचे डॉक्टर वेगळे आणि किडनीचे वेगळे होते. दोघेही आपापल्या कामात चोख. परंतु पाय सुजले की एकजण लघवीची गोळी वाढवत आणि पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन चढलेले पाहून दुसरे तीच गोळी कमी करत. दोन फायली सांभाळत निर्णय मात्र आम्हीच घ्यायचा, अशी ती स्थिती होती.

येथे दर गुरुवारी दोन्ही तज्ज्ञ एकाच टेबलाशी बसतात, केस पेपर एकच असतो आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. सकाळी आठला रक्त द्यायचे, बाराच्या सुमारास अहवाल येतात आणि त्यानंतर साधारण वीस मिनिटे रुग्णासाठी मिळतात, ही आजच्या काळात चैनच म्हणायची. पहिल्या भेटीत हृदयाच्या डॉक्टरांनी अण्णांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहिले. किडनीच्या डॉक्टरांनी तोवर आमच्या वहीतील रोजचे वजन वाचून काढले आणि तीन दिवसांत दोन किलो वाढ झालेल्या ओळीखाली रेघ मारली. गोळीचा डोस त्या रेघेवरून, दोघांच्या संमतीने ठरला.

डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर क्रिएटिनिन २.१ झाले. एरवी आम्ही घाबरून गोळी बंद केली असती; परंतु सुरुवातीला एवढी वाढ होऊ शकते आणि ती बहुधा तेथेच थांबते, हे येथे आधीच सांगून ठेवले होते. मुळात मधुमेहासाठी आलेले हे औषध हृदय निकामी होण्याच्या विकारात उपयोगी पडते हे २०१९ मध्ये आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही पडते हे २०२० मध्ये मोठ्या चाचण्यांतून दिसले. भारतात त्याचे पेटंट संपल्यामुळे ते आज स्वस्तही मिळते. कमी सोडियमचे मीठ मात्र वापरू नका, कारण त्यात पोटॅशियम असते, ही ताकीद दोघांनीही स्वतंत्रपणे दिली.

आता तक्रार. निघताना ‘हृदय आणि मूत्रपिंड यांचे नाते’ या विषयावरचे चार पानी माहितीपत्रक देतात. मराठी स्वच्छ आहे, अक्षर मोठे आहे. तिसऱ्या पानावर मात्र एका चौकटीत ठळक अक्षरांत छापले आहे की कॅल्शियममुळे जागी होणारी विकरे (एन्झाइम) हृदय आणि मूत्रपिंड या दोघांनाही इजा करतात. विधान चुकीचे नाही. परंतु अण्णांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि त्याच संध्याकाळी दूध बंद केले. नाचणीची भाकरीही ताटातून गेली. छापील शब्दावर त्यांचा विश्वास इतका की आठवडाभर माझे जीवरसायनशास्त्र घरात कोणी ऐकून घेतले नाही.

खरी गोष्ट अशी आहे की हृदयाच्या पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. प्रत्येक ठोक्याला ते क्षणभर वाढते आणि लगेच कोठारात परत ओढले जाते. ही उसळी पेशी स्वतःच्या कोठारातून आणि आवरणातील दारांतून घडवते, पेलाभर दुधाने तिच्यात फरक पडत नाही. वाढलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन पुढे कॅमके-२ या विकराला चालू करते. या विकराची खोड अशी की ते एकदा चालू झाले की स्वतःलाच फॉस्फेट जोडून घेते आणि कॅल्शियम ओसरल्यावरही चालूच राहते. मूत्रपिंड दुबळे झाले की अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांचा जोर वाढतो आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या ऑक्सिडीकरणानेही हेच विकर चालू स्थितीत अडकते. मग हृदयपेशीतील कॅल्शियमचे कोठार दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत गळू लागते, आकुंचन क्षीण होते आणि ठोके चुकतात. दोन अवयवांचे दुखणे एकमेकांत कसे गुंतते, याचे याहून नेमके उदाहरण वर्गात देणेही कठीण.

दुसरी वाट हाडांतून जाते आणि पत्रकात तिचा उल्लेखच नाही. मूत्रपिंडाला फॉस्फरस बाहेर टाकणे जड जाऊ लागले की हाडे एफजीएफ-२३ हे संप्रेरक अधिक सोडतात. ते हृदयपेशीत कॅल्सिन्युरिन या कॅल्शियमवर चालणाऱ्या दुसऱ्या विकराला चालना देते आणि हृदयाची भिंत जाड होते. म्हणजे दुधाबाबत सावध राहायचे कारण असलेच, तर ते कॅल्शियमच्या विकरांचे नसून फॉस्फरसचे आहे, आणि तेही रक्त तपासून ठरवायचे. डबाबंद चीज आणि काळी शीतपेये यांत मिसळलेल्या फॉस्फेटबद्दल पत्रकात एक ओळ असती तर तिचा उपयोग चौकटीपेक्षा जास्त झाला असता.

ही विकरे सरसकट बंद करून टाकावीत, असाही समज त्या चौकटीमुळे होतो. कॅमके-२ला थेट रोखणारे औषध अद्याप बाजारात नाही. कॅल्सिन्युरिन रोखणारे टॅक्रोलिमस आहे. रांगेत आमच्या शेजारी बसलेल्या, मूत्रपिंड बदललेल्या गृहस्थांना तेच चालू होते, कारण ते नव्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून देतात. पण तेच औषध मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब वाढवते, म्हणून त्याची रक्तातील पातळी पुन्हापुन्हा मोजावी लागते.

पुढच्या भेटीत मी हे सर्व किडनीच्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी पत्रक हातात घेऊन चौकट वाचली, फॉस्फरसचा आकडा पाहिला आणि अण्णांना म्हणाल्या, “काका, एक कप दूध घ्या, भाकरीही खा. हे कॅल्शियम वेगळं.” अण्णांनी ते केस पेपरवर लिहून मागितले. त्यांनी लिहून दिले आणि दोघांनीही सही केली. फेब्रुवारीत गेलो तेव्हाही पत्रकातील चौकट मात्र तशीच होती.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की दोन्ही डॉक्टर मिळून शुल्क १,१०० रुपये आहे, तपासण्यांचे पैसे वेगळे. औषधांच्या खिडकीशी तासभर मोडतो, तेव्हा गोळ्या गावातच घ्याव्यात. वजनाची वही मात्र विसरू नये; आमच्या मागच्या रुग्णाने ती आणली नव्हती आणि त्याची वीस मिनिटे आठवण्यातच गेली.