फ्लेक ५६०० सॉफ्टनर व्हॉल्व्ह: दुरुस्तीच्या नजरेतून

बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात सॉफ्टनर (जड पाणी मृदू करणारं यंत्र) बसतो, वर्ष-दीड वर्ष नीट चालतो आणि मग नळांवर पुन्हा पांढरे डाग धरायला लागतात. बघायला येणारा माणूस बहुतेक वेळा एकच निदान करतो: रेझिन गेलं, बदलावं लागेल. रेझिन म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे टाकीतले बारीक दाणे. हे निदान फार वेळा चुकीचं असतं. पाण्यात लोह आणि क्लोरीन जास्त नसेल तर चांगलं रेझिन पाच ते आठ वर्षं टिकतं. त्याच्या आधी कुरकुरतो तो टाकीच्या डोक्यावरचा, पाण्याच्या वाटा बदलणारा व्हॉल्व्ह, नाहीतर कमी पडतं ते प्रेशर. म्हणून हा रिव्ह्यू फक्त व्हॉल्व्हचा, पेन्टेअरच्या फ्लेक ५६०० चा, आणि तोही दुरुस्तीला तो कसा आहे एवढ्यापुरता.

हिशोबासाठी नेहमीचा घरगुती सेट धरू: १० इंच व्यासाची, ३५ इंच उंचीची एफआरपी (फायबरची) टाकी आणि आत २५ लिटर रेझिन, म्हणजे एक पोतं. पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, ४५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १०५०० प्रमाणे, २०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं, म्हणजे हे पाणी पिण्याच्या नियमात बसतं पण गीझरचा जीव घेतं. एका रिजनरेशनला (मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा ताजं करायला) ३ किलो मीठ दिलं तर २५ लिटर रेझिन साधारण ३००० लिटर पाणी मृदू करतं. चार माणसांच्या घरात हे पाच दिवस पुरतं. व्हॉल्व्हवरचा मीटर (ठरलेलं पाणी वापरलं की रिजनरेशन लावणारा) २५०० लिटरवर लावावा, एका दिवसाची शिल्लक हाताशी राहते. डिस्प्ले अमेरिकन मापात असेल तर हार्डनेस ग्रेन या अमेरिकन एककात भरावा लागतो: पीपीएमला १७.१ ने भागा, ४५० चे २६ येतात. तिथे थेट ४५० भरायला गेलात तर सगळं गणित कोसळतं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी हार्डनेस किट आणा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर इथे काहीही सांगत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मीटर बुडवून ‘बघा, टीडीएस कमी झाला नाही’ म्हणत रेझिन विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. किटमधलं बफर आणि इंडिकेटर टाकल्यावर पाणी लालसर झालं तर हार्डनेस आहे, निळं झालं तर पाणी मृदू. नमुना सॉफ्टनरच्या आउटलेटवर घ्या आणि बाथरूमच्या नळावरही घ्या. आउटलेट निळा आणि नळ लाल असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. बायपास (सॉफ्टनरला वगळून पाणी पुढे नेणारी वाट) अर्धवट उघडा राहिलाय किंवा कुठेतरी दुसरी लाइन येऊन मिळतेय.

आता प्रेशर. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असावं. ५६०० ला किमान १.४ बार लागतं. गच्चीवरच्या टाकीतून तीन मीटर खाली पाणी आलं तर मिळतं ०.३ बार. एवढ्यावर नळाला पाणी येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण मिठाचं पाणी ओढणारा इंजेक्टर वाहत्या पाण्याच्या जोरावरच चालतो आणि तो जोरच नसतो. ब्राइन टाकीतलं (मिठाच्या पाण्याच्या टाकीतलं) मीठ महिनोन् महिने हलत नाही. काही प्लंबर यावर सॉफ्टनर बोअरच्या पंपाच्या लाइनवर, टाकीच्या आधी बसवतात. प्रेशर मिळतं, पण ५६०० रिजनरेशन चालू असताना कच्चं पाणी पुढे सोडत राहतो. ते जड पाणी सरळ गच्चीवरच्या टाकीत जातं. शिवाय रात्री दोनला रिजनरेशन सुरू होतं तेव्हा पंप बंद असतो. खरा उपाय म्हणजे गच्चीवरच्या टाकीनंतर छोटा प्रेशर पंप आणि त्याच्यापुढे सॉफ्टनर. एका रिजनरेशनला अडीचशे-तीनशे लिटर पाणी जातं, तेवढं रात्री टाकीत शिल्लक हवं.

प्रेशर पुरेसं असूनही मीठ ओढलं जात नसेल तर इंजेक्टर तुंबलाय. व्हॉल्व्ह हाताने ब्राइन पोझिशनला आणा, ब्राइनची नळी सोडवा आणि व्हॉल्व्हवर जिथून ती सुटली त्या तोंडावर बोट धरा. ओढ जाणवत नसेल तर बायपास करा, प्रेशर उतरवा, व्हॉल्व्हच्या बाजूच्या झाकणाचे दोन स्क्रू काढा. आत जाळी, तिच्यामागे नोझल आणि थ्रोट, हे इंजेक्टरचे दोन भाग. यांची भोकं इतकी बारीक की वाळूचा एक कण पुरतो. व्हिनेगरमध्ये भिजवा, फुंकून साफ करा. सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं झालं की भाग फेकायचाच. १० इंची टाकीला साधारणपणे पांढऱ्या रंगाचा इंजेक्टर असतो. हे सगळं पाऊण तासाचं काम आहे, आणि इथे ५६०० ला पूर्ण गुण.

ड्रेनमधून सतत पाणी चालू असेल तर व्हॉल्व्हच्या आत सरकून वाटा बदलणारा पिस्टन आणि त्याभोवतीचे रबरी सील बघायचे. बायपास, प्रेशर शून्य, वीज बंद. ड्राइव्ह योकचा (पिस्टनला मोटरशी जोडणाऱ्या भागाचा) स्क्रू काढा, पॉवरहेडचे (मोटर-घड्याळाच्या वरच्या भागाचे) स्क्रू काढा, पॉवरहेड अख्खं उचलून बाजूला ठेवा. मग प्लगचे स्क्रू सोडून पिस्टन सरळ वर ओढा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर वाळू आत गेलीय. अशा वेळी नुसते सील बदलून भागत नाही, नवीन सील काही महिन्यांत परत कापले जातात. पिस्टनसकट पाच सील आणि चार स्पेसरचा सेट एकदमच बदला. सील वाकवलेल्या तारेने निघतात, पण बसवताना स्टफर टूल (सील सरळ आत ढकलणारं हत्यार) असेल तर एकही सील तिरका बसत नाही. वंगण फक्त सिलिकॉनचं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. आणि व्हॉल्व्हच्या आधी सेडिमेंट (गाळ-वाळू अडवणारा) फिल्टर नसेल तर आजच बसवून घ्या, टँकरच्या पाण्यावर त्याच्याशिवाय कुठलाही व्हॉल्व्ह टिकणार नाही.

ब्राइन टाकी भरून वाहत असेल तर दोष मिठात शोधा. बाजारातलं जाडं मीठ माती घेऊन येतं, ती ब्राइन व्हॉल्व्हच्या सीटवर आणि फ्लो कंट्रोलवर (पाण्याचा वेग ठरवणाऱ्या भागावर) बसते. बारीक मिठाचा थर गच्च होतो, खाली पोकळी राहते आणि पाणी मिठाला शिवतच नाही. काठीने ढोसून बघितलं की कळतं. टॅब्लेट मीठ महाग पडतं, तरी तेच घ्या. ३ किलो मीठ विरघळायला सुमारे ८ लिटर पाणी लागतं, रिफिल, म्हणजे ब्राइन टाकीत परत भरलं जाणारं पाणी, तेवढंच हवं.

बॅकवॉशचं (रेझिन खालून वर धुऊन ड्रेनला जाणारं) पाणी बादलीत मोजा: या टाकीला मिनिटाला ९ लिटरच्या आसपास हवं, म्हणजे २० लिटरची बादली सव्वादोन मिनिटांत भरते. ड्रेनमधून रेझिनचे दाणे येत असतील तर ड्रेनचा फ्लो कंट्रोल गळून पडलाय. घरातल्या नळांच्या जाळीत दाणे सापडले तर मात्र टाकीच्या तळाशी दाणे अडवणारा डिस्ट्रिब्युटर फुटलाय, टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही.

नावडलेली बाजू घड्याळाची. मेकॅनिकल टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. रोज दोन तास लोडशेडिंग असेल तर आठवड्यात रिजनरेशन रात्रीचं भर दुपारी येतं, आणि आंघोळीला जड, कधी खारट पाणी मिळतं. अशा गावात मेकॅनिकल मॉडेल घेऊच नये, ५६०० चंच इलेक्ट्रॉनिक एसएक्सटी मॉडेल घ्यावं. मेकॅनिकलची मोटर मागवताना ५० हर्ट्झची आहे ना हे विचारा. अमेरिकेतली ६० हर्ट्झची मोटर आपल्या विजेवर तासाला दहा मिनिटं मागे पडते. स्पेअर घेताना टाकीतल्या मधल्या उभ्या नळीचा, रायझर पाइपचा, बाहेरचा व्यासही मोजून सांगा. तिथली ओ-रिंग सैल बसली तर बाकी सगळं नवं असूनही कच्चं पाणी कडेने निसटत राहतं.