गाडीत ड्रायव्हर-स्कोअरचं यंत्र बसवून आठ महिने झाले, माझा अनुभव

लातूरला माझ्या चार गाड्या आहेत, डाळीचा माल वाळूज (संभाजीनगरजवळ) आणि नांदेडला जातो. जूनमध्ये चारही गाड्यांना हे यंत्र बसवलं. बरेच जण विचारायलेत म्हणून सविस्तर लिहितो.

डबीत जीपीएस, सिम आणि झटका मोजणारा सेन्सर असतो. एका सेकंदात स्पीड १२-१३ किमीनं पडला की हार्ड ब्रेक धरतं, शिवाय जोरात रेस देणं, वळणावर गाडी फेकणं, मी लावलेल्या ७० च्या वर जाणं, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं, सगळ्याचे शंभरातून मार्क कापतं.

सुरुवातीला मी चूक केली, दर सोमवारी स्कोअर ऑफिसच्या भिंतीवर लावायचो आणि पहिल्याला हजार रुपये बक्षीस. नांदेडचा पोरगा ९१ वर आणि बीडवरून वाळूजला जाणारे वयस्क ड्रायव्हर मामा, बावीस वर्षं एक ओरखडा नाही, ते ५८ वर, सगळ्यात खाली! दिवाळीनंतर ऊस सुरू झाला तसे ते अजून घसरले. शेवटी मार्क कुठं कापले त्याचा नकाशा मोबाईलवर उघडून त्यांच्याजवळ बसलो तर बहुतेक ब्रेक अंबाजोगाई ते केज, रात्रीचे. मामा म्हणाले, "मालक, उसाच्या ट्रॉलीला मागं ना दिवा ना रेडियम, दहा हातावर आल्यावर दिसती. तुम्ही यंत्र बघायलेत, रस्ता कुठं बघायलेत?" आणि पोरानं सांगितलं ते ऐकून तर अंगावर काटाच आला, मार्क जातील म्हणून ब्रेकवर पाय टाकायला कचरायला होतं म्हणे. त्याच संध्याकाळी बक्षीस बंद केलं, भिंतीवरचा कागद काढला.

आता फक्त एकाच रूटचे, भरलेल्या गाडीचे आकडे भरलेल्या गाडीशीच लावून बघतो, आणि ड्रायव्हरला विचारल्याशिवाय काहीच ठरवत नाही.

खरा फायदा झाला ओव्हरस्पीडमध्ये. गेवराई ते पाचोड, पहाटे चार-पाचची वेळ, आठवड्याला चौदा-पंधरा वेळा, आणि वाळूजच्या तिन्ही ड्रायव्हरचं तेच. मग लक्षात आलं की लोडिंग संध्याकाळी सहाला व्हायला पाहिजे ते रात्री दहाला व्हायचं आणि वाळूजला सातच्या आत गेटवर लागायचं, म्हणजे पळवायला मीच लावत होतो. मिलवाल्यांशी बोलून लोडिंग सहाला आणलं, तेव्हापासून आठवड्याला दोन-तीन. ड्रायव्हरला एक शब्द बोलावा लागला नाही.

झोप आणि मोबाईल हे यंत्राला दिसत नाही, हे घ्यायच्या आधीच डोक्यात ठेवा. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), त्यात दिवसाला ८ तास आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती, तेच धरून मी गाडी सलग किती वेळ थांबली नाही तेवढं बघतो. पाच तास झाले की मेसेज मला येतो, पण चालत्या गाडीत फोन नाही करायचा, पुढच्या ढाब्यावर थांबले की करतो.

त्रास म्हणाल तर मांजरसुंब्याच्या घाटात रेंज जाते, डाटा उशिरा येतो पण येतो. मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) रांगेत उभं राहिलं तरी इंजिन चालू म्हणून मार्क कापतं, हे लई अन्यायाचं आहे. ऑगस्टमध्ये एक डबी पाण्यानं गेली, कंपनीनं बदलून द्यायला एकोणीस दिवस लावले.

घेणार असाल तर डेमोलाच विचारा की ब्रेकची आणि स्पीडची मर्यादा आपल्याला बदलता येते का, आणि ड्रायव्हरला स्वतःचा नकाशा त्याच्या मोबाईलवर दिसतो का. दिसत नसेल तर घेऊ नका.